एक नग करून मिळेल काय?

सुरतेच्या उधना, पांडेसरा, कतारगाम या औद्योगिक वसाहतींतून हिंडताना एक प्रश्न हल्ली अधूनमधून कानी पडतो. विचारणारा बहुधा विशी-पंचविशीतला तरुण असतो. हाती वहीतून फाडलेले पान असते, नाहीतर मोबाईलवरचे एखादे चित्र. दुकानाच्या दारात उभा राहून तो संकोचाने म्हणतो, "शेठ, हा एवढा भाग करून मिळेल काय?" शेठ चित्राकडे पाहतात, मुलाकडे पाहतात आणि विचारतात, "केटला नंग जोईए?" मराठीतला 'नग' तोच गुजरातीतला 'नंग'. त्यामुळे प्रश्न समजण्यास अडचण नसते. अडचण उत्तराची असते. "एकच," असे उत्तर येताच शेठ हसून चित्र परत करतात, किंवा असा भाव सांगतात की मुलगा आपणहूनच पाठ फिरवतो.

हा मुलगा कोण असतो? कधी तो आजोबांची फियाट पुन्हा चालती करू पाहणारा नातू असतो. त्या गाडीचे उत्पादन बंद होऊन दोन तपे उलटून गेली असल्याने तिचे काही भाग बाजारात मिळत नाहीत. कधी तो अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या गटातला असतो आणि स्पर्धेसाठी चार चाकांची छोटी गाडी बांधत असतो. कधी तो लिंबायत किंवा दिंडोलीच्या एखाद्या खान्देशी घरातला असतो; वडील लूमच्या खात्यात नोकरीला, आणि चिरंजीवांनी जुन्या दुचाकीचे इंजिन घेऊन घरामागे गाडी जोडावयास घेतलेली. घरात यावरून वाद चालू असतो. आई म्हणते, पोराने अभ्यास सोडून हे काय मांडले आहे? वडिलांना वाटते, करू दे. परंतु पैसा किती ओतावा? आमच्या वाचकांच्या घरांतूनही हा संवाद कुठे ना कुठे झाला असेल. म्हणून या अंकात आम्ही या 'एका नगा'चाच विचार करावयाचे ठरविले आहे. तो महाग का पडतो, स्वस्त कसा पडू शकेल, आणि कोणत्या नगाच्या बाबतीत स्वस्ताईचा विचारही करू नये, हे तिन्ही प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांनाही समजून घेण्याजोगे आहेत.

एक नग महाग का?

बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की लोखंडाच्या तुकड्याला लेथवर चढवावयाचे, दहा-वीस मिनिटे कातावयाचे आणि उतरवावयाचे. त्याला असे किती पैसे पडणार? पण लेथवर काम करणारा टर्नर जाणतो की खरा वेळ कातण्यात जात नाही, जुळणीत जातो. चित्र समजून घेणे, योग्य मापाचा माल शोधून कापणे, चकमध्ये तो नीट मध्यावर धरणे, हत्यारे धार लावून बसवणे, पहिली कापणी घेऊन माप तपासणे, ही सारी कामे एका नगाला जितकी लागतात तितकीच शंभर नगांना लागतात.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, जुळणीस १०० मिनिटे लागतात आणि प्रत्यक्ष कातणीस दर नगास २० मिनिटे. एकच नग करावयाचा तर एकूण १२० मिनिटे झाली. दहा नग करावयाचे तर १०० अधिक २००, म्हणजे ३०० मिनिटे. दर नगास ३० मिनिटे. शंभर नग असतील तर एकूण २१०० मिनिटे, म्हणजे दर नगास अवघी २१ मिनिटे. तोच टर्नर, तेच यंत्र, तेच लोखंड. तरी एकट्या नगाला शंभरातल्या नगाच्या साडेपाच पटींहून अधिक वेळ पडला. शेठ हसले ते मुलाला नव्हे, या हिशेबाला. ओतकामात तर हा फरक याहून मोठा होतो, कारण तेथे आधी लाकडाचा नमुना घडवावा लागतो, आणि एका ओतीव भागासाठी घडवलेल्या नमुन्याचा सारा खर्च त्या एकाच भागावर पडतो.

तेव्हा स्वस्तात नग करून घेण्याची विद्या म्हणजे भावात घासाघीस करण्याची विद्या नव्हे. जुळणीचा वेळ कमी कसा होईल, हे आधीच घरी बसून ठरविणे, हीच ती विद्या होय.

सुरतेचा हा वारसा आहे

या कामासाठी सुरतेइतके अनुकूल शहर क्वचितच असेल. सुरत म्हटली की साड्या, हिरे आणि घारी डोळ्यांपुढे येतात. परंतु या शहराचा हात मुळात कारागिराचा आहे. इंग्रज कंपनीसाठी मुंबईत जहाजे बांधावयास १७३६ साली जो सुतार नेण्यात आला, तो लवजी नसरवानजी वाडिया सुरतेचाच. त्याच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानाची जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. जहाज म्हणजे एकच नग; दुसरे जहाज कधी अगदी तसेच होत नाही. म्हणजे एकेक नग नीट घडविण्याची परंपरा येथे पावणेतीनशे वर्षांहून जुनी आहे.

त्यानंतर जरीचे काम घ्या. चांदीची तार क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून केसासारखी बारीक करावयाची, ती चपटी करून तिचा बादला करावयाचा आणि तो रेशमावर गुंडाळावयाचा. हे काम सूक्ष्म मापाची जाण असल्यावाचून होत नाही. हिऱ्यांच्या कारखान्यांनी हीच सूक्ष्मता पुढे नेली, आणि लूमच्या खात्यांनी शहराला दुरुस्तीची सवय लावली. लूमचा एखादा दातेरी चक्राचा दात तुटला म्हणजे माग उभा राहतो आणि मालकाचे नुकसान सुरू होते. त्यामुळे उधन्याच्या गल्लीबोळांत एकेक भाग तातडीने कातून देणारी लहान दुकाने उभी राहिली. या दुकानांतून लेथवर, मिलिंगवर, वेल्डिंगवर काम करणाऱ्यांत आपली खान्देशी माणसे पुष्कळ आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापी खोऱ्याच्या रेल्वेने ही माणसे आली आणि येथलीच झाली. तरुणाने गुजरातीत विचारलेल्या प्रश्नाला अहिराणीतून उत्तर मिळावे, असा योग सुरतेत दुर्मिळ नाही.

आणखी एका सुरतकराचे स्मरण येथे केले पाहिजे. प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्याच पुढाकाराने आणि श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली बडोद्यास कलाभवन स्थापन झाले. हाताने काम करणाऱ्याला शास्त्र शिकवावे आणि शास्त्र शिकणाऱ्याच्या हाती हत्यार द्यावे, हा त्या संस्थेमागील विचार होता. आज ती बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशाखेत सामावलेली आहे. मराठी राजा आणि गुजराती प्राध्यापक यांनी मिळून घातलेला हा पाया आपल्या गुजरातवासी मराठी घरांनी विसरू नये.

इचलकरंजी आणि देवराष्ट्रे

घरगुती कारखान्यात मोटार घडविण्याचे वेड मराठी माणसाला नवे नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९च्या सुमारास एक छोटी मोटार तयार करावयास घेतली आणि पुढे १९७५पर्यंत तिची एकामागून एक सुधारित रूपे रस्त्यावर आणली. तिचे नाव 'मीरा'. इंजिन मागच्या बाजूस, धक्के सोसण्यासाठी लोखंडी पाट्यांऐवजी रबराची योजना, आणि अपेक्षित किंमत बारा हजार रुपयांच्या आसपास. सामान्य कुटुंबाला परवडणारी मोटार हे त्यांचे ध्येय होते. तो काळ परवान्यांचा होता. मीरा नमुन्यांच्या पायरीवरून कारखान्याच्या पायरीवर कधी चढली नाही. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा लहान मोटारीची कल्पना देशाला नवी वाटली. मराठी वाचकांना मात्र ती इचलकरंजीत पंचवीस वर्षे चालून दाखवण्यात आली होती, हे सांगावेसे वाटते.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जमवून जीपसारखी दिसणारी एक छोटी गाडी तयार केली. दुचाकीप्रमाणे किक मारून ती सुरू होई. खर्च सुमारे साठ हजार रुपये आल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. २०२१च्या डिसेंबरात तिचे चित्रण देशभर पाहिले गेले. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले, ती गाडी नियमांत बसत नसल्याने रस्त्यावर चालू दिली जाणार नाही हेही सांगितले, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. २०२२च्या जानेवारीत ही अदलाबदल झाली.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे आमच्या विषयाचा गाभा हाती लागतो. शंकररावांचा मार्ग नवे घडविण्याचा होता. त्यात वर्षे गेली, कारण प्रत्येक सुधारणेबरोबर नव्या भागांचा 'पहिला नग' पुन्हा करावा लागे. लोहारांचा मार्ग निवडण्याचा होता. जे दुसऱ्या कारखान्यात लाखांनी तयार झाले, ते भंगारातून किंवा बाजारातून घ्यावयाचे आणि त्यांना एकत्र बांधणारे भाग तेवढे स्वतः करावयाचे. हौशी तरुणाच्या खिशाला दुसराच मार्ग झेपणारा आहे.

घरी बसून करावयाची तयारी

तेव्हा पहिला नियम असा : जे विकत मिळते ते घडवू नये. बेअरिंग, ऑइल सील, साखळी, साखळीचे चक्र, ब्रेक, नट-बोल्ट हे सारे प्रमाणित मापांत तयार मिळते. चाकाच्या मधल्या भागाचे चित्र काढताना आधी बेअरिंग निवडावे आणि मग त्याच्याभोवती भाग आखावा. उदाहरणार्थ, ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग जगात कोठेही घेतले तरी त्याचे भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५ असते. दांडा २५ मिलिमीटरचा आखला तर हे बेअरिंग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल. हौसेने २६ मिलिमीटरचा आखला तर बेअरिंगच्या शोधात शहर पालथे घालावे लागेल.

दुसरा नियम चित्राचा. मोबाईलवरील छायाचित्र म्हणजे चित्र नव्हे. एका कागदावर एकच भाग, समोरून, वरून आणि बाजूने असा दाखवावा. मापे मिलिमीटरमध्ये लिहावी, आणि सारी मापे एकाच कडेपासून द्यावी. कोणता धातू, किती नग, हे कोपऱ्यात स्पष्ट असावे. यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे : कोणते माप काटेकोर हवे आणि कोणते ढोबळ चालेल, हे प्रत्येक मापापुढे लिहावे. बेअरिंग बसावयाच्या ५२ मिलिमीटरच्या भोकाला जेमतेम ०.०३ मिलिमीटरची सूट द्यावी लागते. ही केसाच्या जाडीहून कमी आहे. त्याच भागाची बाहेरची कड अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाली तरी काही बिघडत नाही. नवशिक्या मुलगा सर्वच मापे काटेकोर मागतो, टर्नर प्रत्येक कड मायक्रोमीटरने तपासत बसतो आणि त्याचे पैसे अर्थातच मुलाला द्यावे लागतात.

तिसरा नियम पुठ्ठ्याचा. भाग लोखंडात करण्यापूर्वी तो जाड पुठ्ठ्यात किंवा प्लायवुडात कापून गाडीवर लावून पाहावा. बोल्ट घालावयास पान्याला जागा आहे काय, नळी घासते काय, हे पुठ्ठा फुकट सांगतो. लोखंड तेच सांगण्याचे पैसे घेते.

कोणते काम कोठे?

एकच भाग चार तऱ्हांनी करता येतो, आणि भाव त्या निवडीवर ठरतो. जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सला विजेची मोटर जोडावयाची आहे, असे समजा. त्यासाठी मधे एक जाड पट्टी लागेल : ३०० मिलिमीटर लांब, २०० रुंद, १२ जाड. ही पट्टी ओतून करता येईल, मिलिंग यंत्रावर घन तुकड्यातून कोरता येईल, किंवा तयार पत्र्यातून लेसरने कापता येईल. एक नग हवा असता ओतकाम येथे निरर्थक, कारण नमुन्याचा खर्च अंगावर येतो. कोरण्यात यंत्राचे तास जातात. लेसरच्या कामास मात्र साचा किंवा नमुना लागत नाही. संगणकावरील चित्र थेट यंत्रात जाते, आकारणी साधारणपणे पत्र्याची जाडी आणि कापाची लांबी यांवर होते, आणि चित्र तयार असेल तर एका नगाची जुळणी फारशी राहत नाही. येथे एक खुलासा केला पाहिजे : सुरतेत हिरे कापणारी लेसर यंत्रे घरोघरी ऐकून माहीत असली, तरी पत्रा कापणारी यंत्रे निराळी, ती धातूच्या पत्र्याचे काम करणाऱ्यांकडेच शोधावी. बेअरिंगसारखी काटेकोर भोके लेसरने थोडी लहान कापून घ्यावी आणि शेवटचे माप यंत्रावर बोअर करून आणावे. वजनाचाही विचार होऊ द्यावा. वर सांगितलेली पट्टी लोखंडात सुमारे ५.७ किलो भरेल, ॲल्युमिनियममध्ये १.९ किलो.

या पद्धतीचा फायदा असा की खोक्यासारखे पुष्कळ भाग पत्रा कापून, वाकवून आणि वेल्ड करून होऊ शकतात. पूर्वी जे ओतल्यावाचून सुटका नव्हती, ते आता चार तुकड्यांत कापून जोडता येते. तुकड्यांना एकमेकांत बसणाऱ्या खाचा ठेवल्या तर वेल्डरला माप धरून बसावे लागत नाही.

थर चढवून प्लास्टिकचे भाग छापणारी यंत्रे आता महाविद्यालयांतून आणि अनेक शाळांच्या प्रयोगशाळांतूनही आली आहेत. त्यांच्याविषयी तरुणांत फार आशा आहे, म्हणून सावधगिरीची सूचना देतो. त्यांत सर्रास वापरले जाणारे पीएलए नावाचे प्लास्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. सुरतेच्या मे महिन्यात उन्हात बंद उभ्या केलेल्या मोटारीच्या काचेखाली एवढी उष्णता सहज होते. मग हौसेने छापलेली डॅशबोर्डची चौकट मेणासारखी वाकते. एबीएस हे प्लास्टिक १०० अंशांच्या आसपास टिकते, पण इंजिनाजवळ तेही नको. या यंत्राचा उत्तम उपयोग दोन ठिकाणी आहे. एक, पुठ्ठ्याच्या जागी खरा आकार हातात घेऊन पाहावयास. दुसरा, ओतकामाच्या नमुन्यासाठी. सुताराकडून लाकडी नमुना करून घेण्याऐवजी छापलेला नमुना वाळूत दाबून त्यात ॲल्युमिनियम ओतता येते. मात्र थंड होताना ॲल्युमिनियम मीटरमागे सुमारे १३ मिलिमीटर आकसते. तेव्हा २०० मिलिमीटरच्या भागाचा नमुना २०२.६ मिलिमीटरचा छापावा, आणि ज्या कडा पुढे यंत्रावर घासावयाच्या आहेत तेथे दोन-तीन मिलिमीटर माल अधिक ठेवावा. नमुना वाळूतून अलगद निघावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना थोडा उतार देण्यास विसरू नये.

मिस्त्रींकडे जाताना

उत्तम चित्र हाती असले तरी व्यवहार माणसाशी असतो. लहान दुकानात महिन्याचे काही दिवस गर्दीचे, काही मोकळे असतात. एकटा नग मोकळ्या वेळात करून देण्यास मिस्त्री राजी होतात. उद्याच पाहिजे म्हणणाऱ्याला नकारच मिळतो. एकाच प्रकारचे चार-पाच भाग एकत्र नेले तर जुळणी एकदाच पडते. दोन-तीन मित्रांनी मिळून तोच भाग करून घेतला तर वर मांडलेला हिशेब त्यांच्या बाजूने झुकतो. मालाचा तुकडा स्वतः आणून देणे काही ठिकाणी चालते, पण तो कशाचा आहे हे खात्रीने माहीत असले तरच. भंगारातला दांडा बाहेरून सारखाच दिसतो. आत तो साधे मऊ लोखंड आहे, की टर्नर ज्याला ईएन-८ म्हणतात ते मध्यम कार्बनचे पोलाद, की ईएन-२४ हे निकेल-क्रोमियमचे बळकट मिश्रण, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

आणि मिस्त्रींना विचारावे. "काका, हा भाग तुम्ही कसा कराल?" एवढा एक प्रश्न पुष्कळदा निम्मा खर्च वाचवतो. मुलाने जेथे गोल खाच दाखवली असेल तेथे ते सरळ खाच सुचवतील, कारण सरळ खाचेचे हत्यार त्यांच्यापाशी आहे. तीस-तीस वर्षे लेथवर उभे राहिलेल्या या माणसांचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात उतरलेले नाही. आमच्या पाहण्यातील अनेक जुने टर्नर सांगतात की आता मोठे काम संगणकावर चालणाऱ्या यंत्रांकडे गेले, आणि मुलांनाही या धंद्यात यावेसे वाटत नाही. शंभर नगांत हाताचे कौशल्य लागत नाही. ते यंत्र करते. एका नगात मात्र ते पणास लागते. त्यामुळे हा हौशी मुलगा जेव्हा नम्रपणे एका नगासाठी दारात उभा राहतो, तेव्हा त्या जुन्या हाताला विचारणारा शेवटचा गिऱ्हाईक कदाचित तोच असतो.

जेथे काटकसर करू नये

आता अप्रिय पण आवश्यक भागाकडे वळतो. मोटारीचे काही भाग असे आहेत की ते मोडले तर गाडी थांबते, आणि काही असे की ते मोडले तर माणूस जातो. स्टिअरिंगचे सांधे, चाक धरून ठेवणारा दांडा, ब्रेकचा प्रत्येक भाग आणि आसनाचे पट्टे हे दुसऱ्या वर्गात मोडतात. हे भाग कधीही नवशिक्या चित्रावरून करून घेऊ नयेत. नामांकित गाडीचे मूळ भाग घ्यावेत आणि भंगारातून घेतले असतील तर तडे तपासून घ्यावेत. पोलादाचा भाग एका धक्क्याने मोडेलच असे नाही. हजारो लहान धक्क्यांनी कोपऱ्यात एक अदृश्य तडा धरतो आणि एके दिवशी तो भाग काही सूचना न देता तुटतो. म्हणूनच दांड्याचा व्यास जेथे बदलतो तेथे काटकोन न ठेवता गोलाई ठेवतात. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या जागी लावलेल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा अंक असावा. त्यावर काहीच अंक नसेल तर तो बोल्ट तेथे लावू नये. आपल्या घरी मुलगा गाडी जोडत असेल तर आई-वडिलांनी इंजिनाचे काही न कळले तरी एवढी एक तपासणी अवश्य करावी. त्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही.

कायद्याचेही तसेच. मोटार वाहन कायदा १९८८च्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणीकृत गाडीत मूळ निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या जानेवारीत हीच भूमिका पुन्हा स्पष्ट केली. नव्या गाडीचा नमुना १९८९च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. तो खर्च हौशी माणसाच्या आवाक्यातला नाही. याचा अर्थ असा की घरी बांधलेली गाडी सार्वजनिक रस्त्यासाठी नाही. खासगी आवार, महाविद्यालयाचे मैदान आणि स्पर्धेचा मार्ग हीच तिची जागा. देवराष्ट्र्याच्या गाडीचे जे झाले ते याच कारणाने. मुलाला हे पहिल्याच दिवशी सांगितले म्हणजे पुढचा मनस्ताप टळतो.

सुदैवाने आज अशी मैदाने उपलब्ध आहेत. २००७ सालापासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी 'बाहा' ही स्पर्धा भरत आली आहे. आमच्या इंदूरकर वाचकांना तिचे पीथमपूर येथील मैदान परिचयाचे असेल. या स्पर्धेत वेगाइतकाच खर्चाचा हिशेबही तपासला जातो. प्रत्येक नग कसा केला, कोणत्या धातूचा, कितीला पडला, हे मुलांना परीक्षकांपुढे सांगावे लागते. आमच्या मते या स्पर्धेतील सर्वांत मोलाचा धडा तोच.

घराने काय करावे?

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमणाऱ्या ग्रामीण मुलांना हाताने काम करता करता शास्त्र शिकवावे, हा त्यांचा मार्ग. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने जेव्हा कोणालाही वापरता येतील अशा छोट्या यंत्रशाळांची कल्पना काढली, तेव्हा तिच्या स्वतःच्या आवाराबाहेरील पहिल्या यंत्रशाळांपैकी एक २००२ साली या पाबळमध्येच उभी राहिली. संगणकाने चालणारी यंत्रे आणि खेड्यातील मुले यांची तेथे गाठ पडली. पुस्तकी परीक्षेत मागे पडणारा मुलगा हत्यार हाती येताच पुढे जातो, हा अनुभव पाबळने अनेकदा दिला आहे.

म्हणून घरामागे गाडी जोडणाऱ्या मुलाकडे पाहताना, ती गाडी कधी धावेल काय, एवढाच प्रश्न आई-वडिलांनी विचारू नये. पुष्कळ गाड्या धावत नाहीत. परंतु ज्याने एक नग चित्रापासून हातापर्यंत आणला, तो मोजावयास शिकला, धातू ओळखावयास शिकला, आपल्याहून दुप्पट वयाच्या कारागिराशी आदराने बोलावयास शिकला, आणि पैसा कोठे जातो हे कागदावर मांडावयास शिकला. त्यास महिन्याला ठराविक रक्कम द्यावी, तिचा जमाखर्च एका वहीत लिहून घ्यावा आणि वही संपेपर्यंत टोकू नये. ब्रेकचे भाग मात्र नवेच घ्यावे, आणि त्या पैशांना नाही म्हणू नये.

शेवटी एक विनंती आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना. सुरत, बडोदे, अहमदाबाद, इंदूर येथील आपल्या मंडळींत लेथ, मिलिंग, ओतकाम किंवा गिरणीच्या दुरुस्तीखात्यातून निवृत्त झालेले कितीतरी हात आज घरी स्वस्थ आहेत. महिन्यातून एखाद्या रविवारी दोन तास त्यांनी महाराष्ट्र मंडळाच्या खोलीत बसावे. परिसरातील मुलांनी आपली चित्रे घेऊन यावे, आणि काकांनी लाल पेन्सिलीने त्यांवर खुणा कराव्यात : हे माप ढोबळ चालेल, येथे गोलाई दे, हा भाग बाजारात तयार मिळतो. याला कार्यालय नको, वर्गणी नको, उद्घाटन नको. एक टेबल, एक व्हर्नियर आणि चहा पुरेल. ज्या मंडळांना हे करून पाहावेसे वाटेल त्यांनी आम्हांस जरूर कळवावे. त्यांच्या रविवारांच्या वेळा पुढील अंकांतून आम्ही आनंदाने छापू.